निकाली निघालेली टेलरबाई

‘सुरक्षित शेजार योजनेच्या अनुदानातून चालणाऱ्या कक्षात निकाली निघालेल्या तक्रारींपैकी तीस अर्ज नमुन्यादाखल तपासले असता एकही निराकरण संशयास्पद आढळले नाही.’ शासनाच्या अहवालातले हे वाक्य पुढे दोन मंत्र्यांनी भाषणात वापरले. वाक्य माझे आहे. मी गुन्हेशास्त्राचा प्राध्यापक. योजनेचे मूल्यमापन माझ्याकडे होते, आणि ते अनुकूल निघाले तरच अनुदान पुढे चालू राहणार होते.

या वाक्यात चुकीचा असा एकही शब्द नाही, हीच त्यातली लबाडी. निराकरण कशाला म्हणावे, हे परिशिष्टात, बारीक टाइपात, मीच ठरवले होते: तिसाव्या दिवशी अर्जावरील क्रमांकावर फोन करावा; ‘सगळे ठीक आहे’ असे उत्तर आल्यास तक्रार निकाली समजावी. उत्तर कोणी द्यावे, ते लिहिले नव्हते. त्याच परिशिष्टाला मी चाळीस संदर्भटिपा जोडल्या होत्या.

सुरक्षा कक्ष म्हणजे वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एकीत योजनेची सहा नवीकोरी कपाटे, त्यांतली चार रिकामी. दुसरीत एक टेबल, एक फोन आणि तो लावणारी कारकूनबाई. तिला सगळेच मावशी म्हणत. नमुन्याची तपासणी मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या कडेला बसून केली.

दोनशे बारावा अर्ज कपडे शिवणाऱ्या एका बाईचा होता. वस्तीत तिला टेलरबाई म्हणत. अक्षर तिच्या टिपेसारखे, बारीक आणि सरळ. ‘नवरा मारतो. माझा फोन सहा महिने त्याच्याच खिशात असतो. त्याला कळू देऊ नये. त्याची पाळी सहाला सुटते, त्याआधी कधीही यावे.’ क्रमांकाची चौकट रिकामी ठेवली तर अर्ज घेतलाच जात नसे. म्हणून तिने होता तोच क्रमांक लिहिला होता. शेजारी हिरवा शिक्का: निकाली. तारीख मी तपासत होतो त्याच दिवसाची.

“मावशी, हा फोन कोणी उचलला?”

“पुरुषाचा आवाज होता, सर. सकाळीच लावला. सगळं ठीक आहे म्हणाला. मग विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, सुरक्षा कक्ष.”

“बाईंना द्या, असं नाही म्हणालात?”

“जिभेवर आलं होतं हो! पण तुम्हीच बजावलंत ना, ठरलेल्या वाक्याबाहेर अवाक्षर काढायचं नाही म्हणून? मी आपली तोंडाला कुलूप लावून बसते.” मावशींनी अर्ज स्वतःकडे वळवून पुन्हा वाचला. मग चष्मा काढला. “अरे देवा. सर, मी जाऊन येते. दोन गल्ल्या पलीकडेच आहे. पडदा उसवलाय म्हणेन, कुणाला संशय नको. तिला बहिणीकडे पोचवते आणि येते.”

घड्याळात एक वाजला होता.

“नमुना निवडल्यावर आपण मध्ये पडायचं नसतं, मावशी. पद्धत बिघडते.”

“पद्धतीला कुणी मारत नाही, सर.”

मी हसलो. चांगल्या वाक्याला दाद देण्याची मला जुनी खोड आहे. मग दोनशे बारावर आडवी रेघ ओढून समासात ‘अपवादात्मक’ असे लिहिले आणि पुढचा अर्ज घेतला. तो जिन्यावरून भांडणाऱ्या दोन भावांचा होता. त्यांचे खरोखरच ठीक चालले होते.

कक्ष सहाला बंद होई. माझा शिरस्ता मोडून मावशी आधी उठणाऱ्यांतल्या नव्हत्या. कुलूप लावून, चावी खाली देऊन त्या सव्वासहाला तिथे पोचल्या. तोवर नवऱ्याने टेलरबाईचा उजवा हात दाराच्या चौकटीवर धरून दार लोटले होते. तीन बोटे. शिलाईयंत्र त्याने शाबूत ठेवले.

चौकशी वाचनालयाच्याच दालनात झाली, एका निवृत्त न्यायाधीशांपुढे. नवरा कोठडीत होताच. प्रश्न फोनचा होता, आणि फोन मावशींनी लावला होता. विभागाने त्यांना कामावरून काढण्याचा प्रस्तावही टाइप करून आणला होता. अर्ज मी पाहिल्याचे मावशींनी सांगितले नाही. माझ्यावर उपकार करायचे म्हणून नव्हे. विचारल्याबाहेर अवाक्षर काढायचे नाही, ही शिकवण त्यांच्या अंगवळणी पडली होती. मी तिसऱ्या रांगेत बसून त्या मौनाचा लाभ घेत होतो.

टेलरबाईने जबाबावर डाव्या हाताने सही केली. तिला बराच वेळ लागला. न्यायाधीश दुसरीकडे पाहत राहिले. मग ती शेजारी ठेवलेला आपला अर्ज न्याहाळत म्हणाली, “साहेब, ही रेघ मावशींची नाही. त्यांची पेन्सिल लाल असते, अर्ज देताना पाहिली होती. ही कुणी मारली?”

मावशी टेबलाकडे बघत होत्या. मी उभा राहिलो. लघुलेखकाने जे टिपले, ते असे:

“रेघ माझी आहे. अर्ज मी पूर्ण वाचला होता, सहाला पाळी सुटते हेसुद्धा. तेव्हा एक वाजला होता. मावशी निघाल्या होत्या, मी त्यांना बसवलं. पद्धतीचं कारण मी तोंडावर फेकलं; खरं म्हणजे अहवालातलं वाक्य माझ्या मनात आधीच तयार होतं, आणि या बाईंमुळे ते मला बदलावं लागलं असतं.”