न आलेल्या पाइपांची चोरी

आमचे भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पाणीखात्यात इंजिनियर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जायचे. माझ्या हातचं खाऊनच वाढले. त्या काळी खात्याच्या नोकरीवर माणसं जीव टाकत. मंत्र्यांनी थाटात नव्या जलवाहिनीचं उद्घाटन केलं आणि नळाला नुसती हवा आली. भावोजींनी पत्रकार बोलावले आणि भर चौकात रस्ता खणून दाखवला. खाली माती. पाइप घातलेच नव्हते. पैसे मात्र जिरले होते.

पुढच्याच आठवड्यात भावोजींना अटक झाली. आरोप काय, तर पाइप चोरल्याचा! सासरे म्हणाले, "एवढे चोरलेस, तर एखादा घरी आणायचास. मोरी कधीची तुंबलीय." आम्ही हसलो, आणि हसता हसता सासूबाई रडायला लागल्या.

जामीन मिळेपर्यंत नोकरी गेली होती, ठरलेलं लग्न मोडलं होतं. खटला ना उभा राहिला, ना मिटला. भावोजींचं एकच मागणं उरलं: न्यायाधीशासमोर एकदा सांगायचं, की पाइप नव्हतेच.

राज्यकर्त्यांच्या भ्रष्टाचाराच्या खटल्यांसाठी सगळ्या देशांनी मिळून न्यायालय काढलं, तेव्हा मी आणि भावोजी दोघंही म्हातारे झालो होतो. वकील असलेल्या माझ्या लेकीने त्यांची तक्रार तिकडे पाठवली. ती दाखल झाली.

"काका, साक्षीला बोलावतील तुम्हाला."

"विमानात खिडकी मिळते का बघ," भावोजी म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांना असं खुशीत पाहिलं.

तेवढ्यात आपल्याच सरकारने मंत्र्यांवर खटला भरला. गल्लीतली माणसं अभिनंदनाला आली. लेक आली ती तोंड पाडून.

"देश स्वतः खटला चालवत असेल, तर ते न्यायालय हात लावत नाही," ती म्हणाली. "आणि आरोप काय लावलाय? पाइपचोरीकडे दुर्लक्ष केलं, एवढाच. चोर तुम्हीच, काका. तुमचा जुना खटला त्यातच जोडलाय."

"म्हणजे मी आणि तो एकाच पिंजऱ्यात?"

"हो. पाइप नव्हते म्हणालात, तर चोरी नाही. चोरी नाही, तर दुर्लक्षही नाही. तो सुटेल. इथे सुटला की तिथेही कायमचा सुटला."

"आणि गप्प बसलो तर?"

"तुम्ही आत. तो दंड भरून घरी."

"भावोजी, तुम्ही आपले सुटा," मी म्हटलं. "त्याचं पाप त्याच्यापाशी."

न्यायालयात मंत्र्यांना वयोमानामुळे खुर्ची दिली होती. भावोजी उभे. मंत्री त्यांच्याकडे वळून मायेने म्हणाले, "घाबरू नका, इंजिनियरसाहेब. खरं तेच सांगा."

भावोजींनी कठडा घट्ट धरला. न्यायाधीशांनी दोनदा विचारल्यावर ते जन्मभर घोकलेलं वाक्य म्हणाले, "पाइप नव्हतेच."

मंत्र्यांचे वकील उठले. "आमचंही हेच म्हणणं आहे."

मग पैसे गेले कुठे, हे विचारणं त्या खटल्यात बसत नव्हतं. दोघंही सुटले. बाहेर मंत्र्यांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

रिक्षात मी म्हटलं, "बोललात ना एकदाचे."

भावोजी बाहेर बघत होते. "त्याच्या वकिलाने माझे आभार मानले, वहिनी," ते म्हणाले.