गारुफालियाचा हेल

"कोण गेलं गं, वासिलो?"

"मला काय ठाऊक! आवाज खालच्या हॉटेलातून येतोय. रुमाल घे, चल."

गारुफालियाने काळा रुमाल डोक्याला गुंडाळला आणि दोघी म्हाताऱ्या भर दुपारी उतार उतरू लागल्या. मानीच्या त्या दगडी गावात मयतावरचा हेल कानावर आला की बाईने हातातलं काम टाकून निघायचं, मग घर दुश्मनाचं का असेना.

"हॉटेलवाल्यांचा म्हातारा पानागोसच असणार," वासिलो धापा टाकत म्हणाली. "काल चांगला दोनदा सूप मागून प्यायला मेला. तेव्हाच म्हटलं, लक्षण बरं नाही."

हॉटेलच्या फाटकाशी गारुफालिया थबकली. हेल तिच्या लेकाच्या नावाचा होता. आवाज तिचाच होता.

अंगणात परदेशी पाहुणे तळलेले मासे खात होते, खांबावरच्या कर्ण्यातून गारुफालिया रडत होती, आणि मधोमध माइक धरून इस्मिनी उभी होती. अथेन्सच्या विद्यापीठाच्या माणसांबरोबर आलेली इस्मिनी. त्यांच्यातला एक जमीन उकरायचा, एक जुनी हाडं मोजायचा, एक बोली टिपायचा. पाहुण्यांच्या पायी गाव कसं बदलतं, हे बघायचं काम इस्मिनीचं. त्यासाठी ती गारुफालियाकडेच राहिली, तिच्याच ताटात जेवली. बुडालेल्या लेकाच्या, लिगोरिसच्या कबरीवर गारुफालियाने हेल काढला, तेव्हा तिला बिलगून ओक्साबोक्शी रडली. तो आवाज यंत्रात घेताना तिने शब्द दिला होता: मयत नसलेल्या घरात हा वाजवणार नाही. तसा वाजला तर तो नवं मयत मागतो.

"मावशी! आलीस?" इस्मिनीचा चेहरा पडला.

"शब्द दिला होतास, पोरी."

"अगं, घरात कुठे वाजवलाय? उघडं अंगण आहे हे. पाहुण्यांपायी गाव बाजारात बसतंय, असं मी लिहिलं. ते फक्त हॉटेलवाल्यांनी वाचलं. म्हणाले, मग तुम्हीच खरं काय ते दाखवा. निदान खरं तरी दाखवते मी."

"खरं? तळलेल्या माशांबरोबर?" वासिलो फिसकारली.

परक्याने लुटलं असतं तर चार शिव्या घालून गारुफालिया मोकळी झाली असती. हिला तिने लिगोरिसच्या अंथरुणात निजवलं होतं.

काळ्या कपड्यांतल्या दोघींना पाहून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी खुर्ची पुढे केली.

"म्हणतेस, मावशी? एकच कडवं," इस्मिनी हळूच म्हणाली.

गारुफालिया बसली. रुमाल सोडून तिने पांढऱ्या वेण्या मोकळ्या केल्या. फोन वर झाले. इस्मिनीने हुश्श करून कर्णा बंद केला.

"माझ्या चुलीशी शेकलीस गं, इस्मिनी,
माझ्या लेकाची उशी घेतलीस गं, इस्मिनी,
तरणीताठी गेलीस गं, बाई…"

वासिलोने चटकन छातीवर क्रूसाची खूण केली. मग रीतीप्रमाणे तिनेही मागून सूर धरला, "गेलीस गं, इस्मिनी…"

हेल संपला तेव्हा अंगण टाळ्यांनी भरून गेलं. पुढच्या टेबलावरची एक बाई डोळे पुसत इस्मिनीला विचारत होती, शब्दांचा अर्थ काय?

इस्मिनीने माइक तोंडाशी नेला आणि आधी मयताचं नाव सांगितलं: स्वतःचंच.