दोन जणांची पेटी

माझे भावजी कवळ्या बनवतात. दिवसभर लॅबमध्ये मोटर घरघरत असते आणि समोर कुणाची तरी बत्तीशी साच्यात आ वासून बसलेली असते. ‘एवढ्या लोकांना हसायची सोय करून देता, स्वतः कधी हसणार?’ असं मी त्यांना ताईशी लग्न ठरल्यापासून चिडवत आलेय. मेहुणीचा हक्कच आहे तो. ते नुसता चष्मा पुसतात.

संध्याकाळी ताईबरोबर गाणं ऐकायला बसले की मात्र हाच माणूस ओळखू यायचा नाही. त्यांच्याकडे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन होते. मला त्यातलं फारसं कळत नाही. भावजींनी एकदा समजावलं ते असं: साध्या हेडफोनमध्ये इवलासा स्पीकर असतो, तो हवेला ढकलतो. यांच्यात केसाहून पातळ पडदा असतो आणि तो दोन जाळ्यांच्या मध्ये विजेच्या जोरावर हलत असतो. त्यामुळे गाणारी बाई कानात शिरत नाही, समोर येऊन बसते. पण हे हेडफोन फोनला जोडता येत नाहीत, त्यांना वीज पुरवणारी स्वतःची वेगळी पेटी लागते. यांच्या पेटीला दोन सॉकेट होती. एक ताईचं, एक त्यांचं. दोघं एकदा बसले की दारात कोण आलंय याचाही पत्ता नसायचा. आई वैतागायची, "जावयाकडे आलेय की मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत?"

आईचं ते बोलणं आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मागच्या वर्षी ताई तापाने फणफणली. ताप उतरला, पण जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला. डॉक्टर बदलले, मशीनं लावून पाहिली, कशाचाच उपयोग झाला नाही. ताई बालवाडीत शिकवायची. एके दिवशी तिच्या पाठीमागे एक पोरगी बाकावरून पडून रडत होती आणि ही फळ्यावर बदक काढत होती. दुसऱ्याच दिवशी तिने नोकरी सोडली. ओठांवरून बोलणं ओळखायला मात्र ती भराभर शिकली. समोर उभं राहून सावकाश बोललं की तिला बहुतेक सगळं कळायचं. उरलेलं आम्ही फोनवर टाइप करून दाखवायचो.

संध्याकाळचं बसणं तिने सोडलं नाही. ठरल्या वेळी यायची, आपले हेडफोन कानाला लावायची आणि भावजींच्या समोर बसायची.

काही महिने असेच गेले. मग एके दिवशी भावजींनी मला लॅबवर बोलावून घेतलं. मोटर बंद केली, हातातली कवळी खाली ठेवली.

"पेटी बिघडली असं सांगितलंय मी तुझ्या ताईला," ते म्हणाले.

"अरे देवा! दुरुस्त होण्यासारखी आहे ना?"

"बिघडलेलीच नाहीये."

"मग असं का सांगितलंत?"

"ती मान डोलावते गं," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून. कानात काही शिरत नाही, तरी हिची मान चालूच. मी ऐकायचं थांबवलं तर तिला लागेल म्हणून मी बसतो, आणि मला लागेल म्हणून ती बसते. मला नाही बघवत आता."

"मग सरळ बोला ना तिच्याशी."

"कोणत्या तोंडाने बोलू?"

त्यांना साधे हेडफोन हवे होते. एकट्याचे, फोनला लावून कोपऱ्यात बसता येईल असे, पण आवाज मात्र तसाच देणारे. "गाणं पार सुटलं तर मी वेडा होईन," म्हणाले. "तू चल माझ्याबरोबर. एकटा गेलो तर दुकानात भलतंच काहीतरी होऊन बसेल माझं."

भलतंच म्हणजे रडू. तेवढं मला कळलं.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दुकानं पालथी घालू लागलो. भावजी सगळीकडे एकच गाणं लावायचे, एका बाईंनी साथीशिवाय गायलेलं. एकावर ढोल घुमल्यासारखं वाटायचं. दुसऱ्यावर बाई नाकात गायच्या. तिसरे चांगले होते, पण भावजी म्हणाले, "यात बाईंनी श्वास घेतलाच नाही." विक्रेता पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दात बनवतात ते. कुठे काय खुपतंय हे त्यांना पटकन कळतं."

शेवटी एका जुन्या दुकानात गाठ पडली ती कानात कापूस घालून बसलेल्या मालकाशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी ते पेटीवाले आहेत, तर मग हे साधे कशाला शोधताय? लोक उलट करतात, साध्यावरून तिकडे जातात."

भावजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. मीच म्हणाले, "घरात जागा नाहीये."

मालकांनी आतून एक जोडी आणली. चुंबकावर चालणारी साधीच, पण आतला पडदा सपाट आणि मागची बाजू उघडी. भावजींनी कानाला लावली, डोळे मिटले. गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "जवळ आहे. खूप जवळ आहे."

"तेच आहेत का?" मी विचारलं.

"नाही. पण चालेल मला."

पिशवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा ते पुढे चालत होते, आणि त्यांची पाठ बघून वाटलं, आपण काहीतरी विकत आणलेलं नाही, कुणाला तरी स्मशानात पोचवून आलोय.

मग ते जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन एकटेच ऐकायला लागले. ताईला सांगितलं, पेटी इतक्यात दुरुस्त होणार नाही, तोवर हे एकट्याचे घेतलेत. ती म्हणाली, बरं केलंस.

त्यानंतर ताईने काय केलं, ते मला तिच्याच तोंडून कळलं. भावजींच्या वाढदिवसाला पेटी दुरुस्त करून द्यायची म्हणून ते धूड एकटीनेच रिक्षात घालून तिने दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने तारा लावून बघितल्या. मग फोनवर टाइप करून तिच्यासमोर धरलं, ‘बाई, हिला काहीही झालेलं नाही.’ पैसेही घेतले नाहीत.

ती तशीच माझ्याकडे आली. पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

"चांगली आहे म्हणे ही," ती म्हणाली. हल्ली तिचा आवाज सपाट झालाय, आणि कधी कधी फार मोठा होतो. "तुला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढं तिला पुरलं.

रात्री मला बरोबर घेऊनच ती घरी गेली. भावजींनी पेटी बघितली आणि खुर्चीत बसले.

"तू उगाच बसायचीस," ते ओठ नीट हलवत म्हणाले. "माझ्यासाठी. मला ते बघवत नव्हतं."

"तुझ्यासाठी?" ताई म्हणाली. "अरे वेड्या, मी ऐकत होते! तुझ्याकडे बघून. गाणारी वर जाते तेव्हा तुझ्या भुवया वर जातात. श्वास घेते तिथे तू पण घेतोस. पाठ आहेत मला सगळी गाणी. तुझ्या तोंडावरून कळायचं, आत्ता कुठे आलंय. तेवढंच उरलं होतं माझ्याकडे. तेही तू आत नेलंस आणि दार लावून घेतलंस."

भावजी ढसाढसा रडले. त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. ताईने त्यांचं डोकं पोटाशी धरलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पेटी परत जागेवर आली. दोघं समोरासमोर बसायला लागले. मला वाटलं, निस्तरलं सगळं. पण महिन्याभरात ताईनेच ते थांबवलं.

"का गं?" मी विचारलं.

"त्याला आता माहितीय ना, मी बघतेय ते. भुवया मुद्दाम वर करतो. माझ्यासाठी. आणि तो तोंड करत बसला की त्याचंही ऐकणं होत नाही. मीच म्हटलं, जा बाबा तू आत. ते नवीन लाव."

पेटी त्यांनी त्या जुन्या दुकानात देऊन टाकली. एकमेकांशी ते आजही गोडच आहेत. सकाळी बरोबर फिरायला जातात, भाजीवरून भांडतात.

परवा संध्याकाळी मी गेले होते तेव्हा भावजी आतल्या खोलीत होते, ताई ओट्यापाशी शेंगा सोलत होती. तिने मला हळूच खुणावलं.

"जरा डोकावून ये ना. कसा बसलाय ते सांग मला."

मी गेले. दार लोटलेलं होतं. परत येऊन तिच्या समोर उभी राहून म्हटलं, "डोळे मिटलेत. मान डाव्या खांद्याकडे."

तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "म्हणजे ते संथ गाणं लागलंय. नदीचं." ओठ हलवत तिने मनातल्या मनात एक-दोन ओळी म्हटल्या. मग थांबली. हातातली शेंग तशीच राहिली.

"त्याच्या पुढे काय होतं गं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी त्यांच्याबरोबर बसलेच नव्हते.

"विचारून येऊ का भावजींना?"

"नको नको," ती म्हणाली. "आठवेल."