राखीच्या वाटणीचा बांगडा

आमच्या रामनगरात एखाद्या घरात मासळी शिजली तर शेजाऱ्याला कळतं, आणि शिजली न्हाई तर अख्ख्या गल्लीला कळतं. त्या आठवड्यात आमच्याकडं शिजली न्हाई. चार बायका मला विचारून गेल्या, "बायजाक्का, घरात कोण आजारी हाय काय?"

कुणी आजारी न्हवतं. माझ्या राखीला जोयड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा संदीप, सुपा धरणावर नोकरीला, स्वभावानं शांत. स्थळ आणलं लखूनं. हा लखू लग्नं जुळवतो आणि दोन्हीकडं जेवतो. तो म्हणाला, "घर माळकरी हाय, बघा. एकदम कडक. मासळीचा वास आला तरी उठून जातील."

झालं! आमचे मालक पुंडलिकराव, जे आमटीत सुकट दिसली न्हाई तर ताट सरकवतात, ते एका रात्रीत साधू झाले. बाजारातनं तुळशीची माळ आणून गळ्यात घातली. सुक्या मासळीचं गाठोडं माळ्यावरनं काढून परसात न्हाणीघरात लपवलं. माझा तवा चिंच आणि राख लावून मलाच घासायला लावला. वर मला म्हणतात, "बायजे, आपलं घर पहिल्यापासनं शाकाहारी हाय, एवढं ध्यानात ठेव."

"अवो, पहिल्यापासनं म्हणजे मंगळवारपासनं काय?" मी विचारलं. त्यावर त्यांनी माळेवर हात ठेवून डोळे मिटले. मला असा राग आला म्हणून सांगू!

पण पोरीचं काय? राखीला संदीप आवडला होता. दोघं एकदा जोयड्याला भेटली होती, फोनवर बोलत होती. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. डोळ्यांत पाणी. "आई, पोरगा चांगला हाय गं. पण जन्मभर मासे न्हाई?"

तुम्ही हसू नका. ज्या पोरीला ताप आला की पेज आणि भाजलेला खारा बांगडा एवढंच तोंडाला चालतं, तिला हे सोपं न्हाई. मी म्हटलं, "आज शेवटचा खा. न्हाणीघरातल्या चुलीत निखारे हायतच. बांगडे घालते भाजायला. पाहुणे गेले की दोघी बसून खाऊ."

गाठोड्यात पाच होते. सगळेच राखेखालच्या मंद निखाऱ्यावर घातले. धूर परसाकडं जाईल असा माझा हिशेब.

पाहुणे आले. संदीप, त्याचे वडील शिवानंद, आई गिरजाबाई. मालकांनी बेळगावासनं पनीर मागवलं होतं. ते मी भाजीत घातलं, पण दातांनी तुटता तुटेना. वर गोबी मंचुरी आणि फळं घातलेलं श्रीखंड. आमच्या घरात ह्यातला एक पदार्थ कुणाला आवडत न्हाई. पाहुण्यांचे चेहरे बघून वाटलं, त्यांना पण न्हाई. पण शिवानंदराव पनीर चघळत म्हणाले, "व्वा! सात्त्विक जेवण. मासे खाणाऱ्याच्या हातचं आम्हाला पाणी पण चालत न्हाई."

"आमच्याकडं तर मासा हा शब्द पण कोण काढत न्हाई," मालक म्हणाले.

आणि नेमका वारा फिरला. खाऱ्या बांगड्याचा वास परसातनं आला, स्वयंपाकघर ओलांडून थेट पानांवर येऊन बसला. सगळ्यांचे हात थांबले.  राखीनं मान खाली घातली.

"शेजारी," मालक म्हणाले, आणि सुस्कारा सोडला. "काय सांगायचं, लोक सुधारत न्हाईत."

"व्हय की," शिवानंदराव म्हणाले, आणि एक लांब श्वास घेतला. जरा जास्तच लांब.

जेवणं उरकली. मी पटकन परसात जाऊन बांगडे राखेतनं काढले, झटकले, ताटात ठेवून वर खोबरेल तेल सोडलं. झाकण घालणार तोवर मागं गिरजाबाई उभ्या! मला वाटलं, मेले. आता ही बाई बोंब मारणार आणि माझ्या पोरीचं लग्न मोडणार.

गिरजाबाईंनी न्हाणीघराचं दार आतनं लावलं. "अक्का," त्या हळूच म्हणाल्या, "एक तुकडा द्या की."

"तुम्ही? अवो, तुम्ही माळकरी न्हवं?"

"सासरे होते. ते गेले. पण गावात नाव झालंय, आता सोडायचं कसं?" त्यांनी बांगड्याचं डोकं मोडलं सुद्धा. "लखू म्हणाला तुम्ही भारी कडक, म्हणून वासाच्या भीतीनं आठवडाभर मी मासळीला शिवले पण न्हाई. आमच्या ह्यांना सांगू नका हां. माझी शपथ हाय तुम्हाला."

एक म्हणत दोन खाल्ले. तोंड धुतलं, पदर ठीक केला आणि देवळातनं आल्यासारख्या चेहऱ्यानं बाहेर गेल्या.

मी अजून सावरले न्हवते तोवर शिवानंदराव. "ताई, हात धुवायचा होता," म्हणाले, आणि हात धुवायच्या आधी गळ्यातली माळ काढून खिशात ठेवली. मी ताट पुढं केलं. दोन बांगडे गेले. जाताना म्हणाले, "घरात बायको फार कडक हाय. तिच्या कानावर जाऊ देऊ नका."

आता ताटात एकच उरला. तो राखीचा. मी त्यावर वाटी पालथी घातली आणि पोरीला हाक मारायला वळले. परत आले तर आमचे मालक पाटावर बसलेले आणि वाटी बाजूला!

"अवो! तो राखीचा!" मी ओरडले.

"हळू बोल," ते काटा चोखत म्हणाले. "पोरगी परक्या घरी जाणार. तिला आतापासनं सवय लागायला पाहिजे."

देवा! त्या क्षणी चुलीतलं जळकं लाकूड माझ्या हाताशी होतं. का मारलं न्हाई, ते माझं मलाच म्हाईत न्हाई. राखी दारात उभी होती. तिनं बापाकडं बघितलं, ताटातल्या काट्यांकडं बघितलं, आणि बाहेर गेली.

बाहेर बोलणी सुरू झाली. मालकांनी परत माळ चाचपली. शिवानंदराव म्हणाले, "मुलगी पसंत हाय. पोरी, तुला काय विचारायचं असेल तर विचार."

राखी उभी राहिली. "विचारायचं न्हाई, सांगायचं हाय. मी मासे खाते. लग्नानंतर पण खाणार. चालत असेल तर माझं हो हाय."

"राखे!" मालक असे किंचाळले की माझा गुळाचा डबा हादरला. "कुणाकडनं शिकलीस हे? आपल्या घरात?"

पण गिरजाबाईंनी हात वर केला. चेहऱ्यावर काय ती माया! "असू दे, भाऊजी. पोर लहान हाय. आम्ही सांभाळून घेऊ. तिच्या हौसेखातर आणू आठवड्यातनं दोन-तीनदा. आता एकटीसाठी आणलं की उरणार. उरलेलं टाकायचं कसं? अन्न टाकलं की पाप लागतं. आम्ही पण थोडं थोडं खाऊन टाकू."

"व्हय," शिवानंदराव गंभीरपणे म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगायचं, सून खाती. काय करणार?"

"आमच्याकडं पण ती माहेरी यायची असली की आधीपासनं घरात आणून ठेवावं लागेल," मालकांना लगेच सुचलं. "बापाचं काळीज हाय शेवटी."

बघा म्हणजे! पोट ह्यांचं, आणि पाप माझ्या पोरीच्या माथी. जोयड्यापासनं रामनगरापर्यंत नाव कुणाचं होणार, तर राखीचं. माळकरी घर हिनं बाटवलं म्हणणार. आणि तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. मासे मिळाले होते तिला, पण कशाच्या बदल्यात, ते तिला बरोबर कळलं होतं.

"मग आजच शकुन करा," शिवानंदराव म्हणाले. "आणा एक बांगडा पोरीसाठी."

बाहेर बोलताना बांगडा हे नाव तोवर कुणीच काढलं न्हवतं.

मी परसात गेले. गुपितं तिघांची होती आणि पोरगी माझी होती. ताट उचललं आणि आणून मधोमध ठेवलं. नुसती डोकी आणि काटे.

"पोरीच्या वाटणीचं एवढंच हाय," मी म्हटलं. "ही दोन डोकी गिरजाबाईंची. ही दोन शिवानंदरावांची, माळ अजून खिशात हाय त्यांच्या. आणि हे एक आमच्या मालकांचं. हे राखीचं होतं. पोरीच्या नावावर काय घालायचं असेल तर आधी एक तुकडा तरी तिच्या पोटात जाऊ दे."

कुणी कुणाकडं बघेना. मग गिरजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही खाता?" आणि तेवढ्यात ते म्हणाले, "तू खातीस?"

"आणि मी?"

हा संदीप होता. इतका वेळ पोरगा एक शब्द बोलला न्हवता. तो त्या काट्यांकडं बघत होता. "आई, आजोबा गेले तवा तू मला शपथ घातलीस. मी धारवाडच्या होस्टेलात मित्रांच्या पानातले मासे बघत ताकभात खाल्ला. घरी आलो की तुम्ही दोघं माझं कौतुक करायचा. आणि तुम्ही कुठं खात होता?"

"मी भावाकडं," गिरजाबाई पुटपुटल्या.

"मी गणेशगुडीला," शिवानंदराव म्हणाले. "कामाला म्हणून जायचो ते."

संदीपनं मान खाली घातली. पोरगा रडतोय की काय, मला कळेना. माझ्या घरात त्या दिवशी खरा उपाशी तेवढा तोच निघाला, तो आणि माझी राखी.

राखी त्याच्यासमोर जाऊन बसली. "बांगडा भाजायला येतो काय तुम्हाला?"

"न्हाई."

"शिकवते. पण एक सांगते. आपल्या घरात दार लावून खायचं न्हाई."

"आणि लोक गं?" गिरजाबाई घाबरून म्हणाल्या. "लोक आले तर?"

"आले तर त्यांना पण वाढू," संदीप म्हणाला.