बान्स्कोला निघालेली नवरी

सोफियाच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीत दोघी बहिणी समोरासमोर बसल्या, तेव्हा धाकट्या दोन्काने मनाशी ठरवलं होतं की गाडी शहराबाहेर पडेपर्यंत विषय काढायचा नाही. शहरातच तोंड उघडलं तर रायना तडक उतरेल, ट्रामने घरी जाईल आणि उद्या एकटीच निघेल. तिचं तसंच होतं. वाद घालायची नाही, करायचं ते करायची.

थोरली रायना सत्तर वर्षांची. ऑपेराच्या कपडेपटात तिचा जन्म गेला. तिथे तिने राजकन्यांचे आणि नववधूंचे ढीगभर झगे शिवले, स्वतः मात्र लग्न केलं नाही. दोन्काने औषधांच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य काढलं. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर ती थोरलीच्या दोन खोल्यांत राहायला आली, ती कायमचीच. गेल्या शरदात गुडघे दुखतात म्हणून रायना गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला गेली आणि तिथे तिला बान्स्कोचा स्पास भेटला. विधुर माणूस. डोंगरावर स्की करणाऱ्यांना वर नेणाऱ्या पाळण्यांची दुरुस्ती करत निवृत्त झालेला. शनिवारी बान्स्कोच्या नगरपालिकेत दोघांचं लग्न लागायचं होतं. साक्षीदार म्हणून दोन्काची सही हवी होती, म्हणून ती बरोबर निघाली होती. निदान रायनाची समजूत तशी होती.

वाकारेल स्टेशन मागे पडलं, दोन्ही बाजूंना मळकट बर्फाची शेतं लागली, आणि दोन्काने सुरुवात केली. आधी तिने तब्येतीचं काढलं. एवढ्या उंचीवर रक्तदाब चढतो, दवाखाना जवळ नाही. मग थंडीचं. मग स्पासचं. पाच-सहा आठवड्यांच्या ओळखीवर कुणी घर सोडतं का? गरम पाण्यात बसलेला कुठलाही पुरुष बराच दिसतो. रायना खिडकीबाहेर बघत अंडी सोलत होती. तिने एक दोन्काला दिलं, मीठ पुढे केलं.

"गुडघे दुखतात म्हणून गेलीस ताई," दोन्का म्हणाली, "आणि त्याच गुडघ्यांना बाशिंग बांधून आलीस."

"बाशिंग हलकं असतं," रायना म्हणाली. "त्याने दुखत नाही."

पलीकडच्या बाकावरचे एक गृहस्थ वर्तमानपत्राआड हसले. दोन्काने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. लोकांना काय सांगायचं, हा तिने राखून ठेवलेला मुद्दा होता. जिन्यावरच्या बायका काय म्हणतील, कपडेपटातल्या मैत्रिणी काय म्हणतील. हे मात्र कुठेतरी लागलं. रायनाने अंड्याची टरफलं कागदात गुंडाळली आणि सेप्टेमव्री येईपर्यंत ती पुडी हातात धरून बसली.

सेप्टेमव्रीला गाडी बदलायची असते. मोठी गाडी पुढे निघून जाते आणि डोंगरात चढणारी अरुंद रुळांवरची छोटी गाडी पलीकडच्या फलाटावर उभी असते. दोन्काने बॅगा उतरवल्या. रायना फलाटावरच्या बाकावर बसली ती बसूनच राहिली.

"चल, परत जाऊ," ती म्हणाली. "तू म्हणतेस तेच खरं. लोक हसतील."

दोन्काला वाटलं होतं की हे ऐकायला तिला पार बान्स्कोपर्यंत घसा कोरडा करावा लागेल. तिने लगेच विचारलं, नक्की का? रायनाने नक्की म्हणून सांगितलं, आणि घरी पाव नाही, वाटेत घ्यावा लागेल, असंही वर सांगितलं. सोफियाची गाडी थोड्याच वेळात होती. बॅगा रायनाजवळ ठेवून दोन्का तिकिटं काढायला आत गेली.

खिडकीपुढे दोन माणसं होती. दोन्का त्यांच्यामागे उभी राहिली. स्टेशनच्या काचेतून फलाटावरचा बाक दिसत होता. रायनाने पर्समधून छोटा आरसा काढला होता आणि ती रुमालाने ओठांचा रंग पुसत होती. घाईने नाही. एक कोपरा, मग दुसरा, मग आरशात बघून पुन्हा एकदा, झग्यावरचा डाग काढावा तसं. सकाळपासून तिने ओठांना रंग लावलेला होता हे दोन्काच्या आता लक्षात आलं. इतकी वर्षं एका घरात राहून तिने बहिणीला रंगवलेल्या ओठांनी पाहिलंच नव्हतं.

पुढची दोन्ही माणसं तिकिटं घेऊन गेली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुठलं हवं? दोन्काने नको म्हणून मान हलवली आणि ती बाहेर आली.

"सोफियाची गाडी रद्द झालीय," ती म्हणाली. "ऊठ. इथे गारठून मरण्यापेक्षा वर जाऊन गरम काहीतरी खाऊ. परत जायचं काय ते तिथे ठरवू."

रायना उठली. छोट्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, शेगडीसारखा तापलेला हीटर पायाशी आला. गाडी हलायच्या बेतात असताना पलीकडच्या फलाटावर सोफियाची गाडी आली, चांगली लांबलचक, वेळेवर. लोक चढले, उतरले. दोघी बहिणी ती निघून जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

"रद्द झाली होती ना?" रायनाने विचारलं.

"मलाही तसंच वाटलं होतं."

बऱ्याच वेळाने, नदीच्या घळीतून गाडी वळणं घेत चढू लागल्यावर, रायना आपण होऊन स्पासबद्दल बोलायला लागली. स्पास देखणा नव्हता. त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं. पण तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा, चांगला कान पुढे करून. झऱ्यांवर त्याने तिला विचारलं होतं की मखमल उलटी शिवली तर काय होतं. तिने तासभर सांगितलं, त्याने तासभर ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो रेशमाबद्दल विचारायला आला.

"मी कधी विचारलं नाही ना, मखमलीचं?" दोन्का म्हणाली.

"तुला शिवण आवडत नाही. त्यात काय?"

आव्रामोवोच्या चढावर गाडी वेटोळी घालत गेली. मघाशी ज्या रुळांवरून आलो ते खाली झाडांमधून दिसत होते. बर्फ आता स्वच्छ होतं. दोन्का म्हणाली, "खरं सांगू का ताई, मला त्या माणसाचं काही नाही. तू गेलीस की मी भांडू कुणाशी?"

"फोन कर," रायना म्हणाली. "रोज कर. त्याला ऐकू कमी येतं, त्याची अडचण होणार नाही."

तोपर्यंत सगळ्या डब्याने हीटरभोवती मोजे वाळत घातले होते. याकोरुदाला चढलेल्या एका बाईने दोघींना खारवलेली काकडी दिली. दोघींमधली नवरी कोण म्हणून तिने विचारलं, आणि दोन्काने बोट दाखवल्यावर, बरं झालं, ही जरा हसरी दिसते, असं म्हणाली. रायनाने आरसा बाहेर काढला.

बान्स्कोच्या फलाटावर मोठाले बूट घातलेले स्की करणारे उतरले आणि पांगले. मागे एकच बुटका माणूस राहिला, हातात लाल कार्नेशनची फुलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तोच स्पास. त्याने फुलं रायनाला दिली, बॅगा दोन्काच्या हातातून घेतल्या आणि प्रवास कसा झाला म्हणून विचारून डावा कान पुढे केला. दोन्काने बरा झाला म्हणून सांगितलं.

स्टेशनबाहेर त्याच्या मोटारीत बसताना तो म्हणाला की आई सकाळपासून नटून बसलीय.

"आई?" दोन्काने विचारलं. "कुणाची आई?"

रायना फुलांचा वास घेत होती. हे तिने सांगितलंच नव्हतं.

स्पासच्या घराच्या दारात म्हातारी काठी टेकून उभी होती. वय नव्वदीच्या पलीकडे, डोक्याला काळा रुमाल. शेजारच्या स्टुलावर ताजा पाव आणि मधाची वाटी. रीत होती, सुनेला दारातच पाव भरवायचा. तिने तुकडा मोडून मधात बुडवला, रायनाच्या तोंडात घातला आणि तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लहान आहे अजून," ती मुलाला म्हणाली. "शिकेल हळूहळू."

शनिवारी लग्न लागलं, दोन्काने सही केली, मडक्याचं तोंड पिठाने बंद करून शिजवलेलं मांस सगळ्यांनी पोटभर खाल्लं. सोमवारी ती त्याच छोट्या गाडीने एकटी डोंगर उतरली आणि वाटभर झोपली. रायनाचे फोन येत राहिले. म्हातारी पहाटे उठवते, कणीक कशी मळायची ते शिकवते, टाके सैल घालतेस म्हणते. आणि हे ऑपेराचे झगे शिवणाऱ्या बाईला. दोन्काने सगळं मन लावून ऐकलं आणि न्यायला येऊ का म्हणून विचारलं. रायना म्हणाली, न्यायला कशाला, ईस्टरला राहायला ये.

दोन्का गेली. पुढे ती दर सुट्टीत जाऊ लागली. म्हातारीला भांडायला आवडतं आणि दोन्कालाही, त्यामुळे त्या दोघींचं चांगलं जमलं.