जोडणाऱ्यावरच धरला डूख

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने डूख धरणारा आहे. वय झालं की मन निवळतं म्हणतात. माझं काही निवळलं नाही. ज्या माणसाने मला जोडलं त्याचं नाव धीरज. माझा राग त्याच्यावर आहे, आणि तो का आहे ते तुम्ही ऐकूनच घ्या.

माझी मालकीण सायली. वाशीमच्या बाहेर तिच्या घरचा भाजीचा मळा आहे. तिची आई तुळसाबाई मेथी, कोथिंबीर, वांगी बाजारात नेऊन विकते. सायलीला ॲनिमेशन करायचं होतं, म्हणजे चित्रांना चालायला-बोलायला लावायचं होतं. त्यासाठी तयार मिळणारा संगणक तिच्या ऐपतीबाहेरचा होता. मग तिने एकेक भाग निवडून घ्यायचं ठरवलं. ग्राफिक्स कार्ड चांगलं, पण वापरलेलं. प्रोसेसर मागच्या पिढीचा. पडदा बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, कोपऱ्यात एक हिरवी रेघ असलेला. कॅबिनेट तर तिने विकत घेतलंच नाही. जमशेदचाचा पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवतात. मळ्यातल्या झाऱ्याही त्यांच्याच हातच्या. त्यांनी कोठीच्या उरलेल्या पत्र्यातून माझं अंग घडवलं, हवेसाठी भोकं पाडली आणि हाताच्या सवयीने वर कडी-कोयंडाही बसवला. मी दिसायला पेटीच होतो. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

फक्त एका गोष्टीसाठी, सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, सायली अडून बसली. "दादा, बाकी जुनंपानं चालन, पण पॉवर सप्लाय चांगला टाका. त्यानं दम सोडला त सारंच बंद पडन."

धीरज तिचा आतेभाऊ. बसस्टँडजवळ त्याचं संगणकाचं दुकान. "तू काहून टेन्शन घेऊन राह्यली? घरचंच काम आहे," तो म्हणाला. मग दुकानात कुणी नसताना त्याने एक मरतुकडा जुना सप्लाय माझ्यात बसवला आणि त्यावर मोठ्या क्षमतेचा आकडा छापलेला कागद चिकटवला. "कार्टून त काढते, हिले किती लागन," असं वर पुटपुटला. मला तोंड असतं तर मी त्याच्या बोटाचा कडकडून चावा घेतला असता.

मित्रांनो, चित्रं हलवून झाली की ती एकेक करून पक्की करावी लागतात. त्याला रेंडर म्हणतात आणि त्यात संगणकाचा पार घाम निघतो. सायलीने रेंडर लावलं की माझं कार्ड सप्लायकडे वीज मागायचं, तो हात वर करायचा आणि मी धाडकन बंद पडायचो. तिचं झालेलं काम अर्धवट राहायचं. दिवस मे महिन्याचे. घरात सगळ्यांना वाटलं, मला ऊन लागलं. तुळसाबाई कोथिंबिरीची जुडी ओल्या पोत्यात ठेवायची, तसंच तिने एक ओलं पोतं माझ्यावर टाकलं. "गारवा भेटला म्हंजे टवटवी येईन त्याले," ती म्हणाली. माझ्या पत्र्याला गंज चढला. तरी मी तिच्यावर रागावलो नाही. तिच्या परीने ती मला जगवत होती.

सायली तीनदा धीरजकडे गेली. त्याला तर दुखणं ठाऊक होतं. तो तिला म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. तुलेच जमत नसन. हे मोठ्या शहरातल्या पोरायचं काम आहे."

आणि तिने ते खरं मानलं! कागद-पेन्सिल कपाटात गेली. पुण्याच्या एका स्टुडिओने तिच्याकडून एक मिनिटाची फिल्म मागितली होती. ती सोमवारपर्यंत पोचली तर घरी बसून काम मिळणार होतं. नाही पोचली तर पुढच्या महिन्यापासून धीरजच्या काउंटरवर बसून लग्नाच्या व्हिडिओंवर नवरा-नवरीची नावं टाकायची, असं त्याने तुळसाबाईशी बोलूनही ठेवलं होतं. एक पोरगी स्वतःलाच नालायक समजून रडत होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. त्या दिवशी मी मनात गाठ मारली की याला सोडायचं नाही.

संधी धीरजनेच आणून दिली. पंजाबराव म्हणून एक बियाण्याचे व्यापारी आहेत. त्यांच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला मोठ्या पडद्यावर जाहिरात दाखवायचं काम त्याने घेतलं होतं. मिशीवाली सोयाबीनची शेंग नाचते, अशी ती जाहिरात सायलीनेच पूर्वी त्याच्या दुकानातल्या संगणकावर करून दिली होती. शनिवारी ऐन वेळी धीरजचा संगणक जळाला आणि तो मला मागायला आला. घरचाच माणूस, नाही कसं म्हणायचं? सायली मला घेऊन गेली.

मांडव माणसांनी भरला होता. साधी चित्रफीत दाखवणं म्हणजे माझ्या हातचा मळ. पण शेंगेने एक पाय उचलला आणि मी बंद पडलो. मुद्दाम! पुन्हा चालू केलं, पुन्हा पडलो. शेंग एका पायावर अडकलेली पाहून लोक हसायला लागले. पंजाबराव ओरडले, "काय तमाशा लावला रे धीरज?"

धीरजला दरदरून घाम फुटला. "अवं सायली, ते भारी कार्ड काढ आधी! सप्लायले झेपत नाही ते!"

सायली उठली. "काहून झेपत नाही, दादा? तुमी त मोठा टाकला होता."

धीरज माझ्या वायरी चाचपू लागला. पुढच्या रांगेतून जमशेदचाचा म्हणाले, "बोल ना मियाँ, पोरगी पुसून राह्यली."

सायलीने आरडाओरडा केला नाही. तिने फक्त हात पुढे केला. "दुकानातून चांगला आणा. इथंच बसवा. सारे पाह्यतीन."

धीरज गुडघ्यावर बसून माझे स्क्रू काढत होता आणि सारा मांडव पाहत होता. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. नवा सप्लाय लागताच मी ती शेंग अशी नाचवली की लोकांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितली. शनिवार-रविवार मी एकदाही थांबलो नाही. सोमवारी फिल्म पुण्याला गेली आणि सायलीला काम मिळालं. पुढची कित्येक वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते केलं.

आता तिच्याकडे नवा, मोठा संगणक आहे. मध्यंतरी धीरज मान खाली घालून आला. त्याच्या लेकीला चित्रं हलवायला शिकायचं आहे. "पोरीचा काय दोष," म्हणत सायलीने मला देऊन टाकलं. मला कुणी विचारलं नाही.

त्याच्या घरात पाऊल पडलं तेव्हा मी ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी धूर काढायचा. पोरगी माझ्यासमोर बसली. तिने एक कावळा काढला आणि त्याला पंख हलवायला लावलं. मागे धीरज उभा होता. मी पंखा घरघरवला, एक क्षण अडलो. त्याबरोबर पोरीने दचकून बापाकडे पाहिलं. "पप्पा, माह्याच्यानं बिघडलं काय?"

मी मुकाट्याने पुढे चाललो आणि कावळा उडाला.

माझा राग तसाच आहे. पण त्या घरात मी बंद पडलो तर बोलणी कुणाला बसतील हे मला कळतं. म्हणून मी चालतो, दातओठ खात चालतो. मित्रांनो, यंत्र बंद पडलं तर आधी ते उघडून पाहा, मग माणसाला बोला. आणि धीरज, तू मला रोज पुसतोस, त्याने काही होत नाही. जा, पोरीशेजारी जाऊन बस.