शून्य खाडे

रजिस्ट्री म्हटलं की पाथरीत कोणालाही आधी प्लॉट आठवतो. महारुद्र गिराम सरांच्या टायपिंग क्लासमध्ये मात्र रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली वही. विंडोज आपल्या बारीकसारीक नोंदी तिच्यात ठेवतं. सरांनी तिच्यातच आपल्याही नोंदी घुसवल्या होत्या: ज्याच्या त्याच्या मशीनवर विद्यार्थ्याचं नाव, आणि नावापुढे त्याचे खाडे. परीक्षेचे फॉर्म भरायच्या वेळी बेचाळीस जणांची हजेरी कोण तपासत बसणार? म्हणून त्यांनी स्वतः एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. ती एकेका मशीनमध्ये डोकावून नोंद आहे की नाही ते बघायची आणि ज्यांची आहे त्यांची यादी करून द्यायची. या स्क्रिप्टचं सरांना भारी कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून दाखवायचे.

यादीत एकेचाळीस नावं आली. सरांनी मोजली नाहीत. त्या यादीवरून फॉर्म गेले, तारीख संपली, हॉलतिकिटं आली, तेव्हा सात नंबरच्या मशीनवर बसणाऱ्या रेणुकाताईंचं तिकीट त्यात नव्हतं.

रेणुकाताईंचा नवरा सरकारी कचेरीत लिपिक होता. तो गेल्यावर अनुकंपावर त्यांना नोकरी मिळाली, पण अट होती: दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. ती मुदत मार्चअखेर संपत होती आणि पुढची परीक्षा त्यानंतर सहा महिन्यांनी. म्हणून तर ही बाई गावाहून पहिल्या जीपने यायची, सात ते आठ टाइप करायची आणि इथूनच कचेरी गाठायची.

तिकीट नाही म्हटल्यावर सरांनी सगळ्यांसमोर स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पडद्यावर उत्तर आलं, ‘नोंद नाही’.

“ताई, तुमी रोज येता ते खरं हाय,” सर म्हणाले, “पण नाव न टाकताच बसत असताल. मशीनमधी तुमची नोंदच न्हाई.”

“असंल, सर,” ताई म्हणाल्या. “माज्याच हातून चुकलं असंल. मला कुठं एवढं कळतंय?” आणि त्या सात नंबरवर जाऊन रोजचा धडा टाइप करायला लागल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी, क्लास सुटल्यावर, सरांनी सहज म्हणून सात नंबरची रजिस्ट्री हाताने उघडली. रेणुकाताईंचं नाव तिथे होतं. पूर्ण, पतीच्या नावासकट. नावापुढे खाडे: शून्य.

सरांनी स्क्रिप्ट उघडून ओळ न् ओळ वाचली. बघायचं होतं ‘नोंद आहे का’, आणि स्क्रिप्टला त्यांनी विचारायला लावलं होतं ‘नोंदीत किती आहे’. एक खाडा, चार खाडे, नऊ खाडे, काहीही आकडा आला की ती म्हणायची, आहे. शून्य आलं की तिच्या लेखी काहीच नाही. एकेचाळीस जणांनी एकदा तरी दांडी मारली होती, कोणी लग्नाला, कोणी जत्रेला, कोणी नुसताच झोपून. सहा महिन्यांत एकही दिवस न चुकवलेली बाई एकच, आणि नेमकी तीच यादीतून गळली होती.

दुरुस्ती एका ओळीची. सरांनी ती तिथल्या तिथे केली, स्क्रिप्ट चालवली, बेचाळीस नावं आली. हे मात्र त्यांनी कोणाला धरून दाखवलं नाही. उद्या सांगू, स्वतःशी म्हणाले. उद्या क्लास भरलेला होता. परवा नव्या प्रवेशासाठी पालक येऊन बसले होते. त्यांच्यापुढे स्वतःची अब्रू कशी काढायची? गप्प राहायचं ठरवलं की कारणांना तोटा नसतो. असे अठरा दिवस गेले. आणि या अठरा दिवसांत रेणुकाताई रोज सकाळी विचारायच्या, “सर, नाव बराबर टाकलं का, बघा बरं.” सर वाकून बघायचे आणि म्हणायचे, “हाव ताई, बराबर हाय.” त्या वेळी त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची. मारली कधी नाही.

एकोणिसाव्या दिवशी ताईंनी एक कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“साहेब म्हणले, मुदतवाढीचा अर्ज द्या, कारण सविस्तर लिवा. मीच टाइप केलाय, सर. चुका तेवढ्या बघता का?”

सरांनी सवयीने लाल पेन उघडलं. सहा महिन्यांपूर्वी या बाईला अर्धा र सापडत नव्हता. आता पानभरात एक चूक नव्हती. समाससुद्धा जागच्या जागी. शेवटून दुसरी ओळ होती: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे माझी नोंद झाली नाही, त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ निष्काळजीपणा हा शब्द भल्याभल्यांची बोटं अडखळवतो. ताईंनी तोही अचूक टाइप केला होता.

अर्ज असाच गेला तर त्यावर काय शेरा पडेल ते सरांना दिसत होतं. उमेदवाराची चूक. मुदतवाढ नाही.

त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

“चुकलं व्हय?” ताईंचा चेहरा उतरला. “तीनदा वाचलं मी.”

“शब्द बराबर हायत, ताई. गोष्ट खोटी हाय. तुमची नोंद होती. तुमचा एकबी खाडा न्हाई, म्हणून तिथं शून्य होतं, आन् माज्या स्क्रिप्टनं शून्य म्हणजे काहीच न्हाई असं धरलं. चूक माजी हाय.”

सरांना वाटलं, आता या रडतील, नाहीतर ओरडतील. ताईंनी एवढंच विचारलं, “तुमाला कधी कळलं?”

काल, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं.

“त्याच दिवशी,” सर म्हणाले. “संध्याकाळी.”

“आन् मी रोज इचारीत होते, नाव बराबर हाय का म्हणून.”

सरांनी लाल पेनचं टोपण लावलं.

“घरी सासूबाई म्हणायल्यात, माज्या लेकाची नोकरी हिनं घालवली. मीबी म्हणले, हाव, घालवली.”

सरांची मान वर होईना. माफ करा, एवढे दोन शब्द तोंडाशी आले आणि तिथेच अडले, कारण ते फारच थोडे होते. ताईंनी त्यांच्या हातून कागद काढून घेतला, सात नंबरवर जाऊन बसल्या आणि चष्मा लावला.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “मी टाइप करते. कोणाच्या निष्काळजीपणामुळं?”

बाकीच्या मशीनची टकटक थांबली. सगळा क्लास मान वळवून बघत होता.

“महारुद्र,” सर म्हणाले. “महारुद्र बन्सीधर गिराम.”

“रुला पयला उकार ना?”

“हाव, पयला.”

“खाली तुमच्या सहीला जागा सोडते. आन् कळल्यावर गप किती दिस बसले, तेबी टाकते.”

“अठरा,” सर म्हणाले.

ताईंची बोटं कीबोर्डवर थांबली. “आकड्यात टाकू का अक्षरात?”

“दोन्हीत,” सर म्हणाले, आणि पेन हातात धरून त्यांच्या मागे उभे राहिले.